बर्फ वरून नाही, बुडातून वितळून राहिलाय (अंटार्क्टिका, रसवंती आणि बाकी गप्पा)

कोरडवाहू:
मंडळी, कालची गोष्ट. आर्वी रोडवर फाट्याच्या रसवंतीत बसलो होतो, ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. रसवंतीवाल्यानं बर्फाच्या लादीवरचं पोतं बाजूला केलं, भुसा झटकला, लादी वरून एकदम टणक, कोपरेसुद्धा शाबूत, आणि उचलायला गेला तर अर्धी हलकी. उलटी करून दाखवली मला. बुडाला नुसते खड्डे, मधोमध तर हात जाईल एवढी पोकळी. झालं असं की ज्या टपात लादी ठेवली होती त्याचं बूच काढायचं पोरगं विसरलं, वितळलेलं पाणी टपातच साचलं आणि लादी सकाळपासून त्या पाण्यात बसून. "उन्हानं नाही खाल्ली भाऊ, पाण्यानं खाल्ली" म्हणे, आणि पोराला दोन शिव्या.

माझा रस तिथंच राहिला, कारण गेले दोन आठवडे रात्री पंप चालू करून शेतावर बसलो की मी मोबाईलवर हेच वाचून राहिलो होतो. अंटार्क्टिकात तर हवा उणे असते, किनाऱ्यावरसुद्धा वर्षातला बहुतेक काळ शून्याच्या खालीच, आत पठारावर हिवाळ्यात उणे ६०. मग तिथला बर्फ वितळतो कसा, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. तर उत्तर रसवंतीच्या टपात मिळालं.

मला जेवढं समजलं तेवढं लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा. तिकडे जमिनीवरचा बर्फ आपल्याच वजनानं हळूहळू समुद्राकडे सरकतो. समुद्रात आला की लगेच तुटून पडत नाही, जमिनीवरच्या बर्फाला जोडलेलाच राहून लांबवर पाण्यावर तरंगत जातो, घराच्या भिंतीबाहेर छपरीचे टिन येतात तसा. याला आइस शेल्फ म्हणतात. टिन पातळ असतं, हा काही शे मीटर जाड. सगळ्यात मोठा रॉस आइस शेल्फ, तो आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपट भरेल. म्हणजे बर्फाच्या खाली समुद्र आहे, अंधारा, आणि तिथं पाणी येतं-जातं. बर्फ वितळतो तो तिथं. वरून बघाल तर पांढरा शुभ्र, कोरडा ठणठणीत.

पण समुद्राचं पाणीही तिथं थंडगारच असेल ना? तेच तर विचारायचं होतं. गुरुजी कुठं आहेत?

रिटायर्ड_गुरुजी:
आहे इथेच, गाई बांधून आलो. कोरडवाहू, चांगलं लिहिलंस, रसवंतीचा दाखला तर शाळेत असतो तर मीच चोरला असता.

आता तुझा प्रश्न. थंड आणि गरम हे कोणाच्या मानाने, ते आधी ठरवावं लागतं. समुद्राचं खारं पाणी शून्यावर गोठत नाही, उणे १.९ च्या आसपास गोठतं. आणि खोल जावं तसा दाब वाढतो, दाबाने हा गोठणबिंदू आणखी खाली जातो, दर किलोमीटरला साधारण पाऊण अंश. म्हणजे ज्या बर्फाचं बूड पाण्याखाली एक किलोमीटर खोल आहे, त्याच्यासाठी उणे २.६ च्या वरचं कोणतंही पाणी गरमच. उणे १ चं पाणीसुद्धा त्याला खातं! आणि पश्चिम अंटार्क्टिकात अमुंडसेन समुद्र म्हणून आहे, तिथं तळाशी जे पाणी आत शिरतं ते अधिक १ च्या आसपास. आपल्या फ्रिजमधली पाण्याची बाटली त्याहून गरम असते, पण त्या बर्फाच्या बुडाशी ते पाणी साडेतीन अंशांनी तापलेलं आहे.

हे पाणी अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणाऱ्या मोठ्या प्रवाहातलं, खोल थरातलं. वरचं पाणी हवेमुळे उणे, आणि काही शे मीटर खाली गेलं की उबदार. उलटं वाटतं, पण आहे.

खारपाण:
गुरुजी, राम राम. इथंच माह्यं अडते. गरम पाणी वर येते अन् थंड खाली बसते असं तुम्हीच नववीत शिकवलं असन कोनाले तरी. मंग हे उबदार पाणी खाली काऊन बसून रायते?

रिटायर्ड_गुरुजी:
तुमच्या नावातच उत्तर आहे की हो! मीठ. ते खालचं पाणी जास्त खारं, म्हणून जड. वरचं थंड असलं तरी कमी खारं, म्हणून हलकं. इतक्या थंडीत पाण्याचं वजन तपमानापेक्षा मीठच जास्त ठरवतं.

खारपाण:
आता कसं समजलं. आमच्या दर्यापुराकडे पावसाळा संपला का विहिरीत वरचं पाणी गोडं लागते. लोभापायी मोटर जास्त चालवली का खालून खारं चढते अन् हरभऱ्याची वाट लागते. दोन पाणी एकाच विहिरीत, एकावर एक, भांडन न करता रायतात. माहा बुढा म्हने, खारं पाणी हे सावकारासारखं, बुडाशी बसून रायते अन् बरोबर वेळेवर वर येते.

कोरडवाहू:
😂 बुढ्याला दंडवत.

शंकासुर:
धागा चांगला आहे पण मूळ मुद्द्यातच घोळ आहे असं वाटतं. तरंगणारा बर्फ वितळला तर पाण्याची पातळी वाढत नाही, हे आठवीच्या पोरालाही माहीत असतं. गिलासात बर्फ टाका, काठोकाठ पाणी भरा, बर्फ वितळला तरी थेंब सांडत नाही. मग हा आइस शेल्फ आधीच तरंगतोय ना? वितळू द्या की. उगाच मुंबई बुडणार मुंबई बुडणार. आणि बर्फाचे कडे तुटून पडतात ते तर हजारो वर्षांपासून पडतात, व्हिडिओवाले आत्ता दाखवतात.

रिटायर्ड_गुरुजी:
शंकासुर, शंका बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तरंगता बर्फ वितळून पातळी वाढत नाही (मिठाच्या फरकाने किंचित वाढते, ते सोडा). पण तो तरंगता बर्फ नुसता तरंगत नाही, मागच्याला अडवून धरतो.

तुम्ही कापूस घरात भरला असेलच कधी. भाव नाही म्हणून खोलीभर कापूस, दाराला आडव्या फळ्या लावलेल्या, छातीपर्यंत. फळीचं वजन ते किती? पण खालची एक फळी काढा, सगळा कापूस अंगणात. आइस शेल्फ म्हणजे त्या फळ्या. दोन्ही बाजूंच्या खडकांना घासत, समुद्रतळावरच्या उंचवट्यावर टेकत तो मागच्या हिमनदीला रेटून धरतो. फळी झिजली की मागची हिमनदी जोरात सुटते, आणि तो बर्फ जमिनीवरचा असतो, तो समुद्रात आला की पातळी नक्की वाढते.

ही कल्पनेतली गोष्ट नाही. २००२ साली लार्सन बी नावाचा आइस शेल्फ फुटला, ३,२५० चौरस किलोमीटर, महिनाभरात चुरा. त्याच्या मागच्या काही हिमनद्यांचा वेग नंतर कित्येक पटींनी वाढला, एकीचा तर आठपट. उपग्रहांनी मोजलेलं आहे.

आणि कडे तुटतात ते पूर्वीपासूनच, मान्य. बुडातून वितळणंही पूर्वीपासूनच चालू होतं. वरून बर्फ पडतो, खालून-पुढून जातो, जमाखर्च जुळला तर काळजी नाही. जुळत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप. लोक अनेक वर्षं समजत होते की अंटार्क्टिकाचा मोठा खर्च म्हणजे तुटणारे हिमनग. २०१३ मध्ये एरिक रिग्नो आणि सहकाऱ्यांनी सगळ्या शेल्फांचा हिशोब मांडला तर बुडातून वर्षाला सुमारे १,३२५ अब्ज टन, आणि तुटून सुमारे १,०८९ अब्ज टन. म्हणजे टीव्हीवर धडाम करून पडतं ते कमी, मुकाट्यानं जातं ते जास्त.

शंकासुर:
कापसाचा दाखला पटला. बाकी आकडे तुमच्यावर सोडतो. पण मग सगळा अंटार्क्टिका असाच पोकळ होऊन राहिला का?

चांदा_ते_बांदा:
नाही. (नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, नागपूरला जिऑलॉजीत एमेस्सी केली, सध्या चंद्रपूरला घरीच.) रॉस आणि रोने-फिल्खनर हे दोन राक्षसी शेल्फ क्षेत्रफळाने जवळपास दोन तृतीयांश, पण बुडाच्या वितळण्यात त्यांचा वाटा फार थोडा, कारण त्यांच्या पोटात जे पाणी आहे ते गोठायच्या बेतातलंच. तिथं समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकतो आणि ते जड थंड पाणी तळाशी बसून उबदार पाण्याला दार बंद ठेवतं. खरी मारामारी अमुंडसेन समुद्रातल्या छोट्या शेल्फांवर. पाइन आयलंड, थ्वेट्स, डॉटसन, गेट्झ ही नावं सारखी ऐकू येतील.

हे सगळं वाचून "समुद्र तापतो म्हणून बर्फ वितळतो" असं सरळ वाटेल, त्यात एक भर. पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठतेय तिचा ९०% हून अधिक भाग समुद्र पितो हे खरं, पण या ठिकाणी पाणी किती तापलं यापेक्षा उबदार पाणी किती आत येतं हा प्रश्न मोठा. ते पाणी आधीपासून बाहेर होतंच. किनाऱ्याजवळचा समुद्रतळ उथळ ओट्यासारखा, त्यात जुन्या काळी, बर्फ आणखी पुढे होता तेव्हा, हिमनद्यांनी खोल चर पाडून ठेवलेत. वारे बदलले की बाहेरचं उबदार पाणी ओट्यावर चढतं आणि त्या चरांतून थेट बर्फाच्या बुडाशी. स्वतःच्या जुन्या वाटेनेच शत्रू घरात.

खारपाण:
म्हंजे नाल्याची जुनी वाट बुजवून वावर केलं तरी पूर आला का पाणी बरोबर त्याच वाटेनं वावरात शिरते, तसं.

चांदा_ते_बांदा:
अगदी तसंच काका.

विहीरवाला:
मी नेहमी वाचतो, लिहित नाही, पण आज राहवलं नाही. २ वर्षांपूर्वी माझी विहीर खचली. वरून ४० फूट बांधकाम एक नंबर, सिमेंटचा गिलावा, काठावर तुळस लावली होती बायकोनं. ज्या ठेकेदारानं बांधली त्यानं खडक लागेपर्यंत पाया नेलाच नाही, मुरमावरच कडं बसवलं आणि बिल खडकाचं घेतलं. मी शहरात कामाला, पाहिलं नाही. दोन पावसाळे मुरूम आतल्या आत वाहत राहिला, पाणी थोडं गढूळ यायचं, आम्ही म्हणायचो पावसाचं असेल. तिसऱ्या वर्षी श्रावणात रात्री आवाज झाला. सकाळी पाहतो तर मोटर, पाइप, तुळस, सगळं आत. आदल्या दिवशी संध्याकाळी पोरं त्याच काठावर बसून होती, तो विचार केला की अजून अंगावर काटा येतो. हा धागा वाचून ते गढूळ पाणी आठवलं एवढंच. त्या बर्फाचं गढूळ पाणी कोण पाहतं? बुडाखाली जाऊन मोजतं कोण?

कोरडवाहू:
भाऊ, वाईट झालं. पोरं वाचली हे महत्त्वाचं.

मोजतात, आणि ते वाचूनच तर मला झोप लागत नव्हती. थ्वेट्स हिमनदीवर अमेरिका आणि ब्रिटन दोघांनी मिळून मोठी मोहीम काढली होती, २०१८ पासून. त्यांनी गरम पाण्याच्या फवाऱ्यानं बर्फात बोअर पाडला, ५८७ मीटर, म्हणजे १,९०० फुटांहून जास्त! आपल्याकडे ३०० फुटांवर बोअरवाल्याचं मीटर आणि आपला बीपी दोन्ही वाढतात. बरं हा बोअर तसाच सोडला की परत गोठतो, म्हणून घाई. मग त्या भोकातून आइसफिन नावाचा रोबो सोडला, साडेतीन मीटर लांब आणि पेन्सिलीसारखा बारीक, २०२० च्या जानेवारीत, आणि तो जिथं बर्फ जमिनीवरून सुटून तरंगायला लागतो त्या सांध्यापाशी पोहोचला. त्या सांध्याला मराठीत काय म्हणावं? आणि आइस शेल्फला पण एक शब्द सुचवा, सारखं शेल्फ शेल्फ लिहून किराणा दुकान डोळ्यासमोर येतं.

शंकासुर:
छपरी म्हणा. तुम्हीच वर लिहिलंय.

बारावी_सायन्स:
छपरी नका म्हणू प्लीज 😭 आमच्या ग्रुपमध्ये छपरी म्हणजे वेगळंच

रिटायर्ड_गुरुजी:
आमच्या घराला छपरी होती, तिथेच मी लहानाचा मोठा झालो. तुमच्या ग्रुपला सांग शब्द परत करा म्हणून. सांध्याला "टेकणरेषा" म्हणू या का? बर्फ टेकतो ती शेवटची रेषा.

विहीरवाला यांच्या प्रश्नाचा आणखी एक भाग. वरूनही मोजता येतं. तरंगणाऱ्या बर्फाचा साधारण नववा-दहावा हिस्साच पाण्यावर असतो. म्हणजे उपग्रहाला छपरीचा माथा एक मीटर खाली आलेला दिसला, तर एकूण जाडी नऊ-दहा मीटरने घटली असा हिशोब निघतो. (वरचा भुसभुशीत बर्फ वगैरेची वजावट करावी लागते, पण तत्त्व हेच.)

चांदा_ते_बांदा:
आणि सील! हे मला सगळ्यात आवडतं. एलिफंट सीलच्या डोक्यावर छोटं यंत्र चिकटवतात, ते पाण्याचं तपमान, खारटपणा आणि खोली नोंदवतं. सील खाण्यासाठी शेकडो मीटर बुड्या मारतो, हिवाळ्यात समुद्र गोठलेला असताना जिथं जहाज जाऊच शकत नाही तिथंही, आणि श्वास घ्यायला वर आला की माहिती उपग्रहाला जाते. दरवर्षी सील कात टाकतो तेव्हा यंत्र गळून पडतं. आपल्या गुरांच्या कानातला पिवळा बिल्ला काहीच नाही याच्यापुढे.

खारपाण:
आमची गाय बिल्ला घेऊन फक्त शेजाऱ्याच्या तुरीत जाते. काहीच माहिती पाठवत नाही, शेजारीच येऊन सांगते.

बारावी_सायन्स:
मी प्रयोग केला. दोन सारखे गिलास, दोन्हीत माठातलं पाणी, एकात चार चमचे मीठ पूर्ण विरघळेपर्यंत हलवून. दोन्हीत बर्फाचा एक एक खडा, एकाच ट्रेमधला. मला वाटलं मिठात पटकन वितळेल कारण मीठ टाकलं की बर्फ वितळतो (कुल्फीवाला मडक्यात टाकतो ना). पण झालं उलटं!! साध्या पाण्यातला ४ मिनिटांत गायब, खाऱ्या पाण्यातला ९ मिनिटं तरंगत होता. तीनदा केलं. आई ओरडली मीठ संपवलं म्हणून. मग समुद्राचं पाणी तर खारं आहे, म्हणजे तिथला बर्फ कमी वितळायला पाहिजे ना? माझं काय चुकलं

रिटायर्ड_गुरुजी:
काहीच चुकलं नाही रे! उलट या धाग्यावर आतापर्यंत आम्ही सगळे जे बोललो त्यात जे राहिलं होतं ते तू गिलासात दाखवलंस. आता एक कर. बर्फ जमवतानाच ट्रेमध्ये निळीचा एक थेंब टाक. तो निळा खडा दोन्ही गिलासांत सोड आणि बाजूने बघ, डोळे गिलासाच्या पातळीला आणून. मग लिही काय दिसलं ते. मी आत्ता सांगत नाही.

बारावी_सायन्स:
केलं!! साध्या पाण्यात निळं पाणी धाग्यासारखं सरळ खाली उतरत गेलं, तळाशी साचलं, आणि पूर्ण गिलास हलत राहिला. खाऱ्यात निळा थर वरच, बर्फाच्या भोवती, एकदम वेगळा, सरबतावर साय आल्यासारखा. खालचं पाणी पांढरंच. बोट लावलं तर वरचा निळा थर बर्फागत थंड आणि खालचं पाणी कोमट.

रिटायर्ड_गुरुजी:
शाब्बास. वितळलेलं पाणी गोडं, म्हणून हलकं. खाऱ्या पाण्यात ते खाली जाऊच शकत नाही, बर्फाला चिकटून थंड थर करून राहतं. बर्फाने स्वतःच्याच पाण्याची गोधडी पांघरली. खालची ऊब बर्फापर्यंत पोहोचतच नाही.

आता आइसफिनवाल्यांना काय दिसलं ते ऐक, २०२३ मध्ये छापून आलं. थ्वेट्सच्या पूर्वेकडच्या छपरीखाली पाणी गोठणबिंदूपेक्षा दीड अंशाहून जास्त उबदार होतं. एवढ्या उबेला बर्फ भराभर जायला पाहिजे. पण जिथं बर्फाचं बूड सपाट होतं तिथं वर्षाला २ ते ५ मीटरच वितळत होतं, अपेक्षेपेक्षा बरंच कमी. कारण तुझा निळा थर. सपाट बुडाखाली गोडं पाणी साचून राहतं, पाणीही तिथं संथ.

पण बूड सगळीकडे सपाट नाही. खाली पायऱ्या आहेत, भेगा आहेत, उभ्या भिंती आहेत. तिथं गोडं पाणी टिकत नाही, उतारावरून वर घसरत जातं, गोधडी सरकते, आणि त्या जागी उबदार खारं पाणी येऊन भिडतं. अशा ठिकाणी वितळण्याचा वेग वर्षाला तीस मीटरच्या घरात आणि वर. भेगा आतून रुंद होत जातात. म्हणजे लादी सगळीकडून सारखी पातळ होत नाही, जिथं आधीच तडा आहे तिथंच पोखरली जाते.

विहीरवाला:
कडं जिथं फटलं होतं तिथूनच मुरूम निघत होता. बाकी कडं आजही विहिरीच्या तळाशी अख्खं पडलंय.

शंकासुर:
म्हणजे गुरुजी, अपेक्षेपेक्षा कमी वितळतंय हे तुम्हीच लिहिलंत. मग चांगली बातमी म्हणायची ना?

रिटायर्ड_गुरुजी:
मलाही वाचताना क्षणभर तसंच वाटलं. पण तीच थ्वेट्सची टेकणरेषा १९९० च्या दशकाच्या शेवटापासून त्या भागात १४ किलोमीटर मागे गेली आहे. म्हणजे एवढ्याशा वितळण्यानेसुद्धा पाय सुटतोय. तिथला बर्फ फार थोड्या आधारावर टेकलेला आहे. मला तर ही बातमी जास्त वाईट वाटली, तुम्हाला चांगली वाटत असेल तर वाटो, वाद नाही.

आणि मागची जमीन. आपल्याला वाटतं समुद्राकडून आत गेलं की जमीन चढत जाते. तिथं उलट आहे, आत जावं तशी खोल होत जाते, समुद्रसपाटीच्याही कितीतरी खाली. टेकणरेषा मागे सरकली की समोर आणखी जाड बर्फ उघडा पडतो, तो आणखी खोल, तिथं गोठणबिंदू आणखी खाली, म्हणजे तेच पाणी त्याला आणखी गरम. थ्वेट्स एकटी १२० किलोमीटर रुंद आहे, पूर्ण गेली तर जगभरची पातळी ६५ सेंटिमीटर वाढेल. एका दिवसात नाही, आपल्या हयातीतही नाही, शतकांचं काम आहे. तिच्यामागे पश्चिम अंटार्क्टिकाचा बाकीचा बर्फ आहे, तो धरला तर आकडा तीन मीटरच्या वर जातो.

वाचनमात्र:
पण तुम्ही सगळे विदर्भात बसून याची चिंता करून राहिले, समुद्र इथून ६००-७०० किमी. आपल्याकडे गेल्या वर्षी सोयाबीन सडलं, यंदा पाण्याचे टँकर. हे अंटार्क्टिकामुळेच होते का? तसं असेल तर सांगा, नाहीतर कापसाच्या भावाचा धागा वर आणा.

रिटायर्ड_गुरुजी:
नाही, तसं मी म्हणणार नाही. तुमचं सोयाबीन सडलं त्याचं खापर थ्वेट्सवर फोडू नका. पावसाच्या लहरीपणाला त्याची स्वतःची कारणं आहेत, त्यात हवा आणि जवळचे समुद्र तापण्याचा भाग आहे, पण बर्फाच्या बुडातून पाणी गेलं म्हणून अमरावतीत पाऊस लांबला असं जोडायला माझ्याकडे काही नाही. सगळंच एका खुंटीला टांगायची सवय वाईट. मूळ कारण, म्हणजे धूर आणि वाढलेला कर्बवायू, दोन्हीकडे आहे, एवढंच.

कोरडवाहू:
माझा लहान भाऊ नवी मुंबईत खाडीच्या काठाला भाड्याने राहतो, आपला कापूस गाठी होऊन न्हावाशेवाहूनच जहाजावर चढतो. मला तरी एवढा संबंध पुरे आहे. आणि संबंध नसला तरी वाचू नये असं थोडंच आहे. टँकरच्या लाइनीत उभं राहूनच तर वाचलं हे अर्धं.

चांदा_ते_बांदा:
एक गंमत सांगू, आपण म्हणतो अंटार्क्टिकाचा आणि आपला काय संबंध. आपला सगळा दगड-धोंडा त्याच घरचा आहे! आपला आणि अंटार्क्टिकाचा भूखंड एकेकाळी एकत्र होता, गोंडवन. नावच आपल्या गोंडांच्या मुलखावरून. आमच्या चंद्रपूर-वणीच्या कोळशात ज्या ग्लॉसोप्टेरिस झाडांच्या पानांचे ठसे सापडतात, त्याच झाडाचे ठसे १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवाहून परतताना ब्रिटिश मोहिमवीर स्कॉटच्या तुकडीने उचलले होते, आणि मरेपर्यंत ते दगड टाकले नाहीत.

आणि पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडीचा खडक आहे, त्यावर लांब समांतर ओरखडे. एमेस्सीत असताना आम्हाला नेलं होतं, मे महिना, ४५ डिग्री, सरांनी ओरखड्यावर हात ठेवायला लावला, चटका बसला. ते ओरखडे हिमनदीचे आहेत, जवळपास तीस कोटी वर्षांपूर्वीचे. बर्फ त्याच्या बुडात दगडगोटे अडकवून या खडकावरून घासत गेला. म्हणजे आज थ्वेट्सच्या खाली रोबो पाठवून जे बघतात ना, बर्फाचं बूड आणि खालची जमीन, तसली जमीन आपल्या इथं उघडी पडलीय, बैलगाडी उभी करून बघता येते. तिथं बाजूला एक म्हातारा बकऱ्या चारत होता, त्याला सरांनी सांगितलं इथं बर्फ होता. तो म्हणाला, "असन. पन मंग आता काऊन नाही?"

खारपाण:
बुढ्यानं मुद्द्याचं इचारलं.

कोरडवाहू:
ताई हे इरईचं वेगळा धागा काढून लिहा, हात जोडतो. कधी नेता?

शंकासुर:
एक शेवटचं विचारतो. उबदार पाणी चरातून येतं, चर कुठं आहेत ते माहीत आहे, तर मग अडवत का नाही? आपण नाल्यावर बंधारा घालतो.

चांदा_ते_बांदा:
तशी कल्पना खरंच मांडली आहे. समुद्रतळाला नांगरून उभे केलेले मोठे लवचीक पडदे, उबदार थराला अडवायला, अमुंडसेनमध्ये ८० किलोमीटर लांबीचा हिशोब केला होता. अनेक शास्त्रज्ञ म्हणतात हे होणार नाही आणि व्हायलाही नको, जागा इतकी अवघड की वर्षातून थोडे आठवडेच जहाज पोहोचतं, आणि एका छपरीपुढून वळवलेलं पाणी शेजारच्या छपरीखाली जाईल ते वेगळंच.

खारपाण:
८० किलोमीटर ताडपत्री! इकडे गंजीवर झाकाले ५० फुटाची भेटत नाही वेळेवर. अन् पाणी शेजाऱ्याच्या वावरात वळवलं का काय होते हे मले नका सांगू, तहसीलीत तारखा चालू हाये.

रिटायर्ड_गुरुजी:
कोरडवाहू, धाग्याच्या नावात एक दुरुस्ती सुचवतो. "वरून नाही" हे सगळीकडे खरं नाही. मी वर सांगितलेला लार्सन बी मुख्यतः वरून गेला, उन्हाळ्यात पृष्ठभागावर तळी साचली, ते पाणी भेगांत उतरलं आणि पाचरीसारखं खाली फाडत गेलं. तो अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाकडचा, तिकडे हवाच पुरेशी तापली होती. बुडातून जातंय ते मुख्यतः अमुंडसेनकडे. म्हणजे दोन रोग आहेत.

आणि आपलं भारताचं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये अशाच एका तरंगत्या छपरीवर बांधलं होतं. ते वितळून गेलं नाही, उलट बर्फात गाडलं गेलं, सोडावं लागलं. नंतरचं मैत्री खडकावर बांधलं. पूर्वेकडच्या त्या भागाचं गणित वेगळं आहे. कोणी व्हॉट्सअॅपवर "भारताचं ठाणं वितळलं" असं पाठवलं तर त्याला एवढं सांगा.

कोरडवाहू:
नाव बदलता येईना, संपादनाची मुदत संपली. राहू द्या तसंच, खाली दुरुस्ती आहे म्हणजे झालं.

अपडेट: आज परत रसवंतीत गेलो. टपाच्या बुचाच्या जागी आता भोकच ठेवलंय, खाली बादली. लादीखाली दोन विटा. त्याला म्हटलं विटांमुळे बुडाखाली हवा लागेल ना, तर म्हणे "हवा खाऊ दे किती खायची ते, हवेचं पोट लहान."

बारावी_सायन्स:
गुरुजी अजून एक केलं. खाऱ्या पाण्यात निळा खडा टाकून यावेळी चमच्यानं हळू हळू फिरवत राहिलो, म्हणजे निळा थर बसूच दिला नाही. आधी ९ मिनिटं लागली होती, आता ४ च्या आत गेला. वाऱ्यामुळे, भरती-ओहोटीमुळे तिकडे पाणी असंच हलत असेल ना बर्फाखाली? मग गोधडी किती वेळ टिकते ते कसं कळणार. आणि आईनं मीठ लपवून ठेवलंय.

रिटायर्ड_गुरुजी:
भरती-ओहोटीने हलतंच. किती हलतं आणि किती टिकतं, त्याच्यावरच तिकडे भांडणं चालू आहेत. स्वीडनवाल्यांनी रान नावाची पाणबुडी डॉटसनच्या छपरीखाली आत १७ किलोमीटरपर्यंत पाठवून बुडाचा नकाशा काढला होता, पूर्वेकडे पाणी संथ आणि वितळणं कमी, पश्चिमेकडे प्रवाह जोरात आणि झीजही जास्त, आणि बुडाला थेंबाच्या आकाराचे खळगे, जे आधी कोणी पाहिले नव्हते. २०२४ च्या जानेवारीत परत बघायला गेली ती बाहेर आलीच नाही. अजून तिथेच कुठेतरी आहे.

मीठ माझ्याकडून घेऊन जा, शनिवारी बाजाराला येतोय. पिशवी आण.